अकरा उतरलेले सूर

त्या रविवारी तेओदोर झाबोलोत्नी चर्चला आला नाही, ही बातमी प्रवचन संपायच्या आत शेवटच्या बाकापर्यंत पोचली होती. बायकोला मातीत ठेवल्यानंतरच्या रविवारीसुद्धा न चुकलेला माणूस. बाहेर उणे एकतीस होतं, पण थंडीला भिऊन घरी बसणाऱ्यातला तो नव्हे. शिवाय आज त्याची लेक स्तेफा एकोणीस वर्षांनी विनिपेगमध्ये वाजवणार होती, दुपारी तीनला, आमच्याच हॉलमध्ये. आम्हा नॉर्थ एंडच्या युक्रेनियन माणसांना तर्क लढवायला फार आवडतं. लेकीचं तोंड बघायला लागू नये म्हणून म्हातारा दडी मारून बसला, असं आम्ही ठरवूनही टाकलं.

आम्ही साफ चुकलो होतो. तेओदोर त्या वेळी सेल्कर्क अव्हेन्यूवरच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये, स्टेजवर, पियानोत डोकं खुपसून उभा होता. दार उघडून दिलं होतं त्याच्या बहिणीनं, पाराश्कानं. हॉलच्या सगळ्या किल्ल्या बावीस वर्षं तिच्या एप्रनच्या खिशात असायच्या. दोनशे माणसांच्या पेरोहीसाठी, म्हणजे सारण भरलेल्या उकडीच्या करंज्यांसाठी, बटाटे उकडायचे म्हणून ती सातलाच तळघरातल्या स्वयंपाकघरात हजर झाली होती, आणि बर्फ झटकत हा दारात उभा, हातात पियानो लावायच्या हत्यारांची जुनी चामडी पेटी.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"काय करणार आहेस?"

"ती लहान होती तेव्हा तिच्या प्रत्येक परीक्षेच्या दिवशी पियानोवर शेवटचा हात कुणाचा फिरायचा?"

"तुझाच."

"मग विचारतेस काय?"

पाराश्का खाली गेली आणि बटाटे सोलता सोलता मनसोक्त रडली. एकोणीस वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती. तेव्हा स्तेफानं कुठल्याशा नव्या रचनेसाठी बापाच्या पियानोच्या दुकानातल्या सगळ्यात चांगल्या पियानोच्या तारांत स्क्रू आणि रबराचे तुकडे अडकवले होते. तेओदोर एक शब्द बोलला नव्हता. त्यानं एकेक स्क्रू काढला, कागदी पिशवीत घातला आणि ती पिशवी लेकीच्या हातात दिली, वर तिचा कोटही दिला. स्तेफा माँट्रियलला गेली, तिथून न्यूयॉर्कला. दुसरं कुणी हात लावणार नाही असं संगीत ती वाजवत राहिली. तीस-बत्तीस संगीतकारांच्या रचना जगानं पहिल्यांदा ऐकल्या त्या तिच्या हातून. बापानं त्यातली एकही ऐकली नाही.

साडेबाराला सगळे तळघरात जेवायला जमले. स्तेफाचा थोरला भाऊ मिरोन चर्चमधून आला तो बापाला टेबलाच्या टोकाला बसलेलं बघून दारातच थबकला. तेओदोरनं हात स्वच्छ धुतलेले, टाय बांधलेला, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मिरोनला उगाचच धास्ती वाटली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्तेफा होती. मैफलीच्या दिवशी ती पियानोला शिवत नसे. सकाळपासून जिथे बसेल तिथे बोटं चालवायची, आताही बीटाच्या सुपाच्या, बोर्श्टच्या वाटीशेजारी तिचा डावा हात मेजावर चालला होता. तिच्याजवळ आदेल बसली होती, नदीपलीकडच्या सेंट बोनिफेसची, सव्वीस वर्षांची. शाळेत शिकवायची. आज वाजायची होती ती रचना तिची होती, आयुष्यातली पहिली मोठी रचना. सहा ठिकाणांहून परत आलेली. सातव्या वेळी ती स्तेफाच्या हातात पडली, आणि स्तेफानं कळवलं की हिचा पहिला प्रयोग न्यूयॉर्कला नाही, माझ्या गावी करू. टोरंटोहून रेडिओची माणसं ध्वनिमुद्रणासाठी आली होती. आज ही रचना पडली असती तर तिला पुन्हा कुणी हात लावला नसता, हे आदेलला माहीत होतं, आणि म्हणून तिच्या ताटातली पेरोही तशीच होती.

"पाराश्का," तेओदोर म्हणाला, "तिकडच्या पाहुण्यांना आंबट साय दे."

"तिकडच्या पाहुण्यांपैकी एक तुझी मुलगी आहे," पाराश्का म्हणाली. "तूच दे."

त्यानं वाडगा पुढे सरकवला. तो हातोहात स्तेफापर्यंत पोचला. तिनं साय घेतली आणि म्हणाली, "आत्या, त्यांना सांग, आभारी आहे."

हेही नसे थोडके असं वाटून मिरोननं चमचा उचलला, तेवढ्यात बापानं त्याला गाठलं.

"मिरोन, वरचा पियानो तू लावलास?"

"हो, तातो."

"सगळा?"

"हो."

"वा." तेओदोरनं रुमालानं तोंड पुसलं. "अठ्ठेचाळीस वर्षांचा झालास. तीस वर्षं माझ्या हाताखाली काढलीस. आणि मधल्या भागातले अकरा सूर उतरलेले ठेवून घरी जाऊन झोपलास. एक नाही, दोन नाही, अकरा. बहिणीच्या मैफलीला. लाज नाही वाटली?"

मिरोनचा चमचा हवेत राहिला. ते अकरा सूर त्यानं स्वतः उतरवले होते, दोन दिवस खपून, अर्ध्या सुराच्याही निम्म्यानं खाली, कारण आदेलच्या कागदावर तसं लिहिलं होतं. घरी मात्र त्यानं सांगितलं होतं, साधंच काम आहे तातो. खरं सांगायची छाती झाली नव्हती. आताही एक क्षण त्याला वाटलं, मान खाली घालावी आणि म्हणावं, हो, राहिले माझ्याकडून. सवयीचंच होतं ते.

"तुम्ही काय केलंत, तातो?" हे स्तेफानं विचारलं. सहा वर्षांपूर्वी आईच्या दफनाला दोन वाक्यं झाली होती, त्यानंतर बापाशी थेट बोललेलं हे पहिलंच.

"काय करणार? नीट केले. तेहतीस तारा, तीन तास लागले. आता बघ, लोण्यासारखा चालेल हाताखाली." तो लेकीकडे बघून हसला. एवढी वर्षं ज्या हसण्याची सगळ्यांनी वाट बघितली ते नेमकं आता आलं.

आदेल उठली आणि जिना चढून गेली.  वरून, छतातून, एक सूर ऐकू आला, मग दुसरा, मग ओळीनं सगळे, स्वच्छ आणि सरळ. ती खाली आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

"सगळे बरोबर आहेत," ती म्हणाली.

"मग?" तेओदोरनं विचारलं.

"ते चुकीचेच हवे होते, तातो," मिरोन म्हणाला. "मी मुद्दाम उतरवले होते. त्या रचनेत तसंच आहे."

"मुद्दाम?" म्हाताऱ्याला शब्दच कळेना. "तू? माझ्या सूर लावायच्या किल्लीनं?"

"तुमच्याच किल्लीनं. आणि तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही किल्ली काढून घेतली असतीत. लहान पोराची काढून घेतात तशी."

"म्हणजे आता मी गुन्हेगार?"

"तुम्हाला कुणी बोलावलं होतं?" स्तेफा उभी राहिली होती. "एकोणीस वर्षांत एकदा आला नाहीत. एक पत्र नाही. आणि आलात ते कुणी नसताना, चोरासारखे, माझं काम पुसून टाकायला?"

"तोंड सांभाळ, स्तेफा," पाराश्का मधे पडली. "शहात्तर वर्षांचा माणूस सकाळपासून वाकून उभा आहे. तुझ्यासाठी. चर्च बुडवलं त्यानं तुझ्यासाठी."

"दार कुणी उघडून दिलं, आत्या?"

 पाराश्कानं दिशा बदलली. "सगळा दोष या मिरोनचा आहे. बापाशी खरं बोलायला काय धाड भरली होती?"

"तू बोलून बघ एकदा," मिरोन म्हणाला. त्याचा आवाज एवढा चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता. "मग मला सांग."

"पुन्हा उतरवता येतील ना?" स्तेफानं त्याला विचारलं. "दोन तास आहेत."

"विद्यापीठातून सूर मोजायचं यंत्र आणलं होतं, सुई बघून उतरवले. यंत्र काल परत केलं, आज रविवार, तिथे कुलूप. बरोबर सूर मी कानानं लावीन गं. पण नेमका एवढाच चुकलेला कानानं कसा लावू? कधी लावलाच नाही."

"मग तसंच वाजवू?" पाराश्कानं भीत भीत विचारलं. "लोकांना काय कळतंय?"

"मला कळतंय," आदेल म्हणाली. मग ती तेओदोरकडे वळली. ती रागावेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती समजावून सांगायला लागली, वर्गात सांगत असावी तसं. "ते सूर मी कुठून कागदावर बसून काढले नाहीत. आमच्या शाळेत, ननांच्या, एक पियानो होता. खोली तापवणाऱ्या रेडिएटरला लागून. हिवाळ्यात रेडिएटर तापला की लाकूड सुकायचं आणि पियानोचे मधले सूर उतरत जायचे. मी त्याच्यावरच शिकले. मला वाटायचं पियानो असाच असतो."

तेओदोरनं रुमाल खाली ठेवला. "कुठली खोली?"

"तिसरा मजला. संगीताची."

"काळा पियानो. डाव्या पायाखाली पत्र्याचा तुकडा दुमडून घातलेला."

"हो."

"तो पत्रा मी घातला," तेओदोर म्हणाला. "सव्वीस वर्षं मी लावायचो तो. दर एप्रिलला. ननांना किती वेळा सांगितलं, दुसऱ्या भिंतीशी हलवा. ऐकतील तर शपथ."

आदेल त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे ते तुम्ही," ती म्हणाली. "एप्रिलनंतर मला त्याच्यावर वाजवावंसं वाटायचं नाही. तुम्ही येऊन गेलात की तो दुसऱ्याच कुणाचा तरी व्हायचा."

पाराश्कानं कपाळाला हात लावला. तेओदोर झाबोलोत्नीला त्याच्या तोंडावर असं सांगायची प्राज्ञा नॉर्थ एंडमध्ये कुणाची नव्हती. सगळे वाट बघत बसले, आता पेटी उचलून हा चालायला लागणार म्हणून.

पण तेओदोर त्या खोलीत गेला होता, मनानं. बर्फ वितळायला लागलं की पेटी घेऊन ते तीन मजले चढायचे, झाकण उघडायचं, आणि पहिला सूर वाजवताच दात शिवशिवायचे. सव्वीस वर्षं, दर एप्रिलला, तो त्या अकरा सुरांशी भांडला होता. प्रत्येकाची खोट त्याला ठाऊक होती. तिसरा जास्त पडायचा, आठवा हट्टी, अकरावा नुसता आळशी. त्याचा उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला होता, पण ते सूर कानात नव्हतेच, त्याहून आत होते.

"तुम्हाला ते आठवतात?" स्तेफानं विचारलं. राग अजून आवाजात होता, पण ती एक पाऊल पुढे आली होती.

"दुखरा दात आठवतो का, असं विचारतेस." तो उठला. "मिरोन, तारांत घालायचा नमदा आण. आणि ही पोरगी माझ्या डाव्या बाजूला बसेल. पाराश्का, कॉफी. काळी."

स्टेजवर त्यानं किल्ली पहिल्या खुंटीवर बसवली आणि तसाच थांबला. त्रेपन्न वर्षं हा हात फक्त एका दिशेनं काम करत आला होता. उतरलेलं वर आणायचं, बस. चांगला लागलेला सूर जाणूनबुजून खाली ढकलायचा म्हणजे त्याला स्वतःच्याच घराची काच फोडण्यासारखं वाटत होतं. त्याच्या कपाळावर घाम आला. शेजारच्या तारा वाजू नयेत म्हणून मिरोन नमदा त्यांच्यात सरकवून मागे उभा राहिला. त्यानं मदतीला हात पुढे केला नाही, आणि ते बरंच केलं.

स्तेफा पियानोच्या वळणाला टेकली. "ते स्क्रू अजून आहेत माझ्याकडे," ती म्हणाली.

"कुठले?"

"तुम्ही पिशवीत घालून दिलेले. त्यातले आठ मी अजून वापरते. गेल्या महिन्यात शिकागोला वापरले."

"गंजले असतील."

"तेल लावून ठेवते."

"तेल?" तेओदोरची मान झटकन वर आली. "आणि ते तेल तारांना लागलं म्हणजे?"

"पुसून घालते, तातो. तुमची मुलगी आहे मी."

तो पुन्हा तारांवर वाकला. आणि किल्ली फिरली. तार सैल झाली, सूर खाली घसरला, त्यानं पियानोची पट्टी जोरात ठोकली, ऐकलं, आणखी केसभर उतरवला. आदेलचे डोळे भरून आले.

"हाच," ती म्हणाली.

"माहीत आहे," तेओदोर म्हणाला. "दुसरा."

अडीचला दारं उघडावीच लागली, बाहेर कुडकुडत माणसं उभी होती. आम्ही आत आलो तर स्टेजवर तेओदोर कोट काढून, बाह्या सरसावून पट्टी ठोकतोय, आणि शेजारी त्याची लेक त्याच्या कॉफीचा कप धरून उभी. हा कार्यक्रमाचाच भाग आहे का, असं रेडिओवाल्यानं मिरोनला विचारलं. मिरोन म्हणाला, आता आहे. तीन वाजून सात मिनिटांनी तेओदोरनं किल्ली पेटीत ठेवली, नमदा गुंडाळला आणि पहिल्या रांगेत, अगदी टोकाला, डावा कान पियानोकडे करून बसला.

स्तेफा वाजवायला बसली. खरं सांगतो, पहिल्या खेपेला आम्हाला काहीएक कळलं नाही. अठरा मिनिटं. ओळखीची चाल यावी आणि मधेच पायाखालची पायरी निघून जावी, असं सारखं होत होतं. कुणी खोकलं. मागे दोघं हसली. एक बाई कोट घेऊन उठली, पण दाराशी गेल्यावर थंडी आठवली असावी, परत बसली. संपल्यावर टाळ्या पडल्या त्या पाहुणीला देतात तशा. आदेल मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

स्तेफा उठून पुढे आली. "मी नवीन रचना नेहमी दोनदा वाजवते," ती म्हणाली. "पहिल्या भेटीत माणूस कळत नाही, तर ही कशी कळेल? ज्यांना घाई आहे त्यांनी जावं. पेरोही मात्र पाचशिवाय मिळणार नाही, ते माझ्या आत्याच्या हातात आहे."

हशा झाला. लोक सावरून बसले. स्तेफानं पट्ट्यांवर हात ठेवले, आणि तेवढ्यात तेओदोर उभा राहिला.

 म्हातारा पेटी घेऊन, सगळ्यांसमक्ष, सावकाश स्टेजच्या तीन पायऱ्या चढत होता. आता हा काहीतरी बोलणार आणि सगळं मातीत जाणार, असं मिरोनच्या मनात आलं. पाराश्कानं छातीवर क्रूसाची खूण केली. स्तेफानं हात उचलून मांडीवर ठेवले. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

"थांब," तेओदोर म्हणाला.

"काय झालं, तातो?"

"सहाव्या सुराची डावी तार. नुकती सैल केलेली, वर सरकली. ऐकू आलं नाही तुला?"

"वर सरकली म्हणजे?"

"म्हणजे बरोबर लागतेय." तो सरळ उभा राहिला. रेडिओच्या माणसानं पुढे केलेला माइक त्याच्या अगदी जवळ होता, त्यामुळे पुढचं वाक्य नंतर रेडिओवर सगळ्या देशानं ऐकलं. "असं चालायचं नाही. कान किटतात."

 मग मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग आम्ही सगळ्यांनीच. तेओदोरनं लक्ष दिलं नाही. किल्ली बसवली, तार केसभर उतरवली, पट्टी तीनदा ठोकली आणि चष्म्यावरून खाली आदेलकडे बघितलं. तिनं मान हलवली. तो पुन्हा खाली गेला नाही. पानं उलटणाऱ्यासाठी ठेवलेली खुर्ची रिकामी होती, तिच्यावर पेटी मांडीवर घेऊन बसला.

दुसऱ्या खेपेला आम्हाला ऐकू आलं. सांगणं अवघड आहे. तो हिवाळा होता, आमचा, सहा महिन्यांचा. तापलेली खोली, सुकणारं लाकूड, आणि त्या उतरलेल्या पियानोवर मन लावून वाजवणारी, जगात काही चुकीचं आहे हे ठाऊकच नसलेली लहान मुलगी. मघा पायरी निघून जात होती तिथे आता आम्ही पाय टाकून बघत होतो. शेवटचा सूर विरला. मग सगळा हॉल उभा राहिला. मघाशी कोट घेऊन उठलेली बाई बाकावर चढली होती. स्तेफानं आदेलला हात धरून वर ओढलं, तीन वेळा वाकून झालं, चार वेळा झालं, लोक थांबेनात. मिरोन भिंतीला टेकून उघड उघड रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

गडबड थोडी ओसरल्यावर स्तेफा बापापाशी आली. "आवडलं?" तिनं विचारलं. चव्वेचाळीस वर्षांची, अर्ध्या जगानं नावाजलेली बाई, आणि बापाला हा एवढाच शब्द विचारत होती.

तेओदोरनं प्रामाणिकपणे विचार केला. "पहिल्या वेळी मी नुसत्या तारा ऐकत होतो," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी तुला ऐकलं." मग तिचे हात हातात घेऊन बोटं उलटीसुलटी करून बघितली, लहानपणी परीक्षेनंतर बघायचा तशी. "नखं कापत जा."

ती हसली आणि तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तो अवघडून उभा राहिला, पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि मग रिकाम्या झालेल्या हातानं तिला जवळ धरलं.

पाचला पेरोही वाढता वाढता पाराश्काला कामाची आठवण झाली. "मिरोन, उद्या सकाळी येऊन तो पियानो सरळ करून ठेव. मंगळवारी चर्चच्या गाणाऱ्यांची तालीम आहे."

मिरोननं हो म्हणायला तोंड उघडलं आणि सवयीनं बापाकडे बघितलं. तेओदोर टेबलाच्या मधोमध बसला होता, एका बाजूला स्तेफा, दुसऱ्या बाजूला, चांगल्या कानाशी, आदेल.

"कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"अरे, मग ते गाणार कसे?"

"थोडं खाली गा म्हणावं." त्यानं वाडगा स्वतः उचलून लेकीच्या ताटात साय वाढली. "एप्रिलमध्ये बघू."